मेमरी व्यवस्थापनातील कोड-सुलभीकरण : परीक्षण आणि चाचणी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरी सांभाळणाऱ्या भागातला कोड, त्याचे वर्तन न बदलता, आटोपशीर करणे याला सुलभीकरण म्हणतात. वर्तन खरोखरच बदललेले नाही ना, हे पाहणे म्हणजे परीक्षण आणि चाचणी. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हे काम उघड्यावर चालते. बदल ‘पॅच’ म्हणून येतो, जाणकार तो वाचतात, चालवून बघतात. वाचणाऱ्याचे आणि चाचणी करणाऱ्याचे नाव पॅचखाली स्वतंत्र ओळींत नोंदले जाते.

नव्या ओळींपेक्षा गाळलेल्या ओळी जास्त बारकाईने वाचाव्या लागतात. मेमरी मोकळी करणाऱ्या ‘केफ्री’ या फंक्शनला रिकामा पॉइंटर (कुठेच न नेणारा मेमरीचा पत्ता) दिला तरी ते मुकाट्याने परतते, म्हणून त्याआधीची ‘पॉइंटर रिकामा नाही ना’ ही तपासणी निर्धास्त काढता येते. मेमरीच्या पानावरचा (ठरावीक आकाराच्या तुकड्यावरचा) ताबा सोडणाऱ्या ‘पुट-पेज’आधीची तशीच दिसणारी तपासणी काढली आणि पॉइंटर रिकामा निघाला, तर कर्नल कोसळतो. दोन्ही पॅच दिसायला सारखेच. फरक कळतो तो बोलावलेल्या फंक्शनच्या आत जाऊन पाहिल्यावरच. चूक लपण्याची दुसरी जागा म्हणजे अपयशाची वाट. मेमरी मिळाली नाही तर घेतलेले लॉक (एकाच वेळी अनेकांची ढवळाढवळ रोखणारे कुलूप) सुटते का, वाढवलेला संदर्भ-आकडा (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) पुन्हा कमी होतो का? हा रस्ता रोजच्या वापरात क्वचितच चालला जातो, त्यामुळे तिथली चूक महिनोन्महिने तशीच राहू शकते.

२०२२ च्या अखेरीस आलेल्या ६.१ आवृत्तीचा दाखला इथे फार मोलाचा आहे. प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) मेमरी-प्रदेशांची नोंद ठेवणारे रेड-ब्लॅक ट्री (झाडासारखी फांद्यांची रचना) आणि त्याच्या जोडीची लिंक्ड लिस्ट (एकापुढे एक जोडलेली यादी) काढून त्या जागी एकच ‘मेपल ट्री’ आणले गेले. रचना सुटसुटीत झाली. पण स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या नोंदींची मेमरी) वाढवताना लॉक केवळ वाचनापुरते घेतले जात असे. जुन्या रचनेत फक्त प्रदेशाची सीमा सरकायची, म्हणून ते खपून जाई. नव्या रचनेत झाडाचा नोडच (त्यातली एक गाठच) बदलला जाऊन जुना मोकळा होऊ लागला. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचली जाण्याचा हा दोष २०२३ मध्ये ‘स्टॅकरॉट’ या नावाने उघड झाला. दुरुस्तीत, स्टॅक वाढवण्यापूर्वी लेखनाचे लॉक घेणे सक्तीचे केले गेले. जुन्या कोडने बोलून न दाखवलेली गृहीतके शोधणे हेच परीक्षकाचे खरे काम, आणि ते सर्वांत कठीणही.

चाचणीला मोठी यंत्रणा लागत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये उभारलेल्या कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा चालवते. तिथे शिकणारा दांडिया बाजारातला एखादा मराठी विद्यार्थी घरच्या लॅपटॉपवर, क्यूईएमयू या आभासी यंत्रात, पॅच लावलेला कर्नल चालवू शकतो. त्या यंत्राला मुद्दाम तुटपुंजी रॅम द्यावी, म्हणजे पाने स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) जाण्याचा आणि मेमरी परत मिळवण्याचा कोड खरोखर पळतो. केएसॅन हे मेमरीच्या चुका शोधणारे साधन चालू असले की मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागताच इशारा मिळतो. लॉकडेप लॉकच्या क्रमातली चूक पकडतो. फेलस्लॅबने मेमरीच्या मागण्या कृत्रिमरीत्या नाकारल्या की वर सांगितलेली अपयशाची वाट तपासली जाते. कर्नलबरोबर येणाऱ्या तयार चाचण्या, म्हणजे सेल्फटेस्ट, पॅच लावण्याआधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा चालवाव्यात, नाहीतर मूळचाच दोष नव्या पॅचच्या माथी मारला जातो. एआरएम-६४ या प्रकारच्या प्रोसेसरवर पानाचा आकार ४, १६ किंवा ६४ किलोबाइट असू शकतो. ४ किलोबाइटवर पास झालेला बदल ६४ वर अडू शकतो. पेज फॉल्टच्या (प्रोग्रामला हवे असलेले पान हाताशी नसण्याच्या) वाटेवरचा बदल असेल, तर वेगही मोजावा लागतो, कारण ती वाट सतत वापरात असते.

सुलभीकरण कधी अख्खा विभागच काढून टाकण्यापर्यंत जाते. लहान वस्तूंसाठी मेमरी वाटणारे स्लॅब, स्लॉब आणि स्लब असे तीन पर्याय कर्नलमध्ये होते. ६.४ मध्ये स्लॉब गेला, २०२४ च्या ६.८ मध्ये स्लॅबही गेला, आणि आता फक्त स्लब उरला आहे.