कानातून व्हेगस उत्तेजन (स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि मानसिक ताण)

कानाला क्लिप लावून हलका करंट द्यायचा आणि व्हेगस नर्व्ह, म्हणजे पुस्तकी मराठीतली प्राणेशा तंत्रिका, मेंदूतून निघणारी दहावी, तिला चाळवायचं अशी ही पद्धत. ऑपरेशनआधीची धास्ती, उडालेली झोप, नंतरचं खचलेपण यासाठी ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीने वापरून बघतात. कॅन्सरवरचा इलाज ती नव्हे.

उगमाबद्दल एकमत नाही. एक बाजू म्हणते ही चिनी अॅक्युपंक्चरची लेक, आणि थेट 'हुआंगदी नेइजिंग' या जुन्या चिनी वैद्यकग्रंथापर्यंत (साधारण इ.स.पू. दुसरं-पहिलं शतक, तेही वादातच) मागे जाते. पण कानावरच्या बिंदूंचा आजचा नकाशा फ्रेंच डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५७ च्या सुमारास मांडला, कान म्हणजे उलटं निजलेलं बाळ अशी कल्पना करून, आणि चीनमधे तो त्यानंतर वाढवला गेला. दुसरी बाजू शरीररचनेची, आणि ती जास्त पटते: कानातला मळ काढताना अचानक ढास लागते ना, ती व्हेगसच्या कानातल्या फांदीमुळे, जिला जर्मन शरीरशास्त्रज्ञ आर्नोल्ड यांचं नाव आहे. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर कॉर्निंग फिट्स थांबवायला मानेवरून करंट देत होते. छातीत बसवून मानेतल्या व्हेगसला वायर जोडायच्या यंत्राला अमेरिकेत १९९७ मधे एपिलेप्सीसाठी आणि २००५ मधे हट्टी डिप्रेशनसाठी परवानगी मिळाली. कानाची क्लिप ही त्याचीच बिनऑपरेशनची आवृत्ती म्हणायची.

क्लिप नेमकी कुठे, हाही वादच. २००२ च्या एका शवविच्छेदन अभ्यासानुसार कानात आत जाणाऱ्या भोकाच्या वरची खोलगट वाटी ही खात्रीची जागा, पण मृतदेह मोजकेच होते, आणि भोकासमोरच्या उंचवट्याबद्दल अजून भांडण चालूय. भिकबाळीची जागा याहून वर, कडेला, त्यामुळे भिकबाळीने व्हेगस जागी होते वगैरे म्हणण्यात दम नाही.

करंट बहुतेक डाव्या कानाला, बऱ्याचदा २५ हर्ट्झचा, नुसत्या मुंग्या येतील इतकाच. संदेश आधी ब्रेनस्टेममधे, म्हणजे मेंदूच्या देठात जातो, तिथून भीती सांभाळणाऱ्या अॅमिग्डालाकडे.

फरक मोजायला चिंता आणि डिप्रेशन मोजणारी १४ प्रश्नांची हॅड्स प्रश्नावली वापरतात. तुलनेसाठी काहींना कानाच्या पाळीला, जिथे व्हेगस पोचत नाही, क्लिप लावतात, तिथेही मुंग्या येतातच, म्हणून खरा परिणाम किती आणि मनाची समजूत किती हे वेगळं काढणं अवघड जातं. पेसमेकर असलेल्यांना सहसा देत नाहीत. बाकी त्रास म्हणजे कान लाल होणं, खाज, क्वचित तीच ढास.