यादीतील बदलांचे ॲनिमेशन

वेब ॲपमधल्या यादीचा डेटा बदलला, की तो बदल नोंदींच्या हालचालीतून दाखवण्याचे तंत्र. नवी नोंद हळूच उमटते, काढलेली विरत जाते, क्रम बदललेली नोंद सरकत आपल्या नव्या जागी पोचते. नुसता आकडा बदलला असेल, तर त्या ओळीची पार्श्वभूमी क्षणभर उजळते. यात शोभेचा भाग थोडा. डोळ्यांदेखत दहा ओळी एका झटक्यात इकडच्या तिकडे झाल्या, तर नेमके काय हलले ते पाहणाऱ्याला उमगत नाही, ही खरी गरज.

वरवर हा सीएसएसचा, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेचा विषय वाटतो, पण सगळे घोडे अडते ते नोंदीच्या ओळखीपाशी. रिॲक्ट, व्ह्यू (Vue), अँग्युलर किंवा स्वेल्ट या वेब ॲप बांधायच्या फ्रेमवर्कमध्ये प्रोग्रामर ‘ही ओळ काढ, ती वर ने’ असे सांगत नाही. यादी आता कशी दिसायला हवी एवढेच सांगतो. मधल्या मध्ये काय घडले, हे फ्रेमवर्कने जुनी आणि नवी यादी ताडून ओळखायचे. डेटाचे आलेख काढण्यासाठी २०११ साली आलेल्या डी३ या लायब्ररीने नोंदींचे ‘एंटर’ (नव्या आलेल्या), ‘अपडेट’ (राहिलेल्या) आणि ‘एक्झिट’ (गेलेल्या) असे तीन गट केले होते, आणि आजही विचार याच धर्तीवर होतो. कोणती नोंद कोणत्या गटात, हे ठरवायला प्रत्येक नोंदीला कायमची खूण लागते. रिॲक्ट आणि व्ह्यूमध्ये ती ‘की’. अँग्युलरमध्ये पूर्वी ‘ट्रॅकबाय’ ऐच्छिक होते; नोव्हेंबर २०२३ मधल्या १७व्या आवृत्तीपासून आलेल्या, यादी दाखवायच्या ‘फॉर’ रचनेत मात्र ‘ट्रॅक’ लिहावेच लागते.

खूण म्हणून इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, देणे ही सर्वांत नेहमीची चूक. यादीच्या डोक्यावर नवी नोंद घातली, की सगळे इंडेक्स एकेक घराने खाली सरकतात. फ्रेमवर्कच्या हिशेबी पहिल्या सगळ्या ओळी जुन्याच, फक्त मजकूर बदललेला. नवी ती शेवटची. त्यामुळे नोंद येते वर आणि ॲनिमेशन होते तळाशी! उलट, दर वेळी नवीन खूण तयार केली तर अख्खी यादी बाहेर जाऊन पुन्हा आत येते. डेटाबेसमधला आयडी हाताशी असताना या दोन्ही फंदांत पडू नये.

जाणाऱ्या नोंदीचे दुखणे निराळे. डेटामधून ती गेलेली असते, पण विरत जाताना दिसायची तर तिचा एलिमेंट (पानावरचा तिचा घटक) डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत, थोडा वेळ थांबायला हवा. व्ह्यूचा ‘ट्रान्झिशन ग्रुप’ हे थांबवून धरण्याचे काम करतो. तरीही ती जागा अडवून बसतेच, म्हणून जाणाऱ्या एलिमेंटला ॲब्सोल्यूट पोझिशन देऊन मांडणीतून बाजूला काढतात; मग शेजारच्या ओळी लगेच सरकू लागतात.

सरकण्यासाठी ‘फ्लिप’ वापरतात. हे नाव पॉल लुइस यांनी २०१५ मध्ये रूढ केले. फर्स्ट, लास्ट, इन्व्हर्ट आणि प्ले या चार पायऱ्यांची ती आद्याक्षरे. समजा, एक ओळ वरून २४० पिक्सेलवर होती आणि बदलानंतर ८० वर गेली. ती नव्या जागी बसते, पण ट्रान्सफॉर्म या सीएसएस गुणधर्माने तिला तत्क्षणी १६० पिक्सेल खाली ढकलतात, आणि ते अंतर शून्यावर आणत नेतात. सगळी मोजदाद आधीच उरकलेली असल्याने हालचाल चालू असताना ब्राउझरला फ्रेमगणिक पानाची मांडणी पुन्हा करावी लागत नाही. टॉप किंवा हाइट ॲनिमेट केली तर नेमके तेच करावे लागते, आणि सेकंदाला ६० फ्रेम गाठायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात.

आकडा बदलतो तेव्हा ना कोणी येते ना जाते, म्हणून ॲनिमेशन आपोआप सुरू होत नाही. ओळ उजळवणारा सीएसएस क्लास एलिमेंटवर आधीच असेल, तर तो पुन्हा लावून काही होत नाही. तो काढून, मांडणी एकदा सक्तीने मोजायला लावून, परत लावावा लागतो. ब्राउझरमधल्या वेब ॲनिमेशन्स एपीआयचे ‘ॲनिमेट’ फंक्शन यापेक्षा सरळ: जितक्या वेळा बोलवाल तितक्या वेळा ते नव्याने चालते. की बदलून एलिमेंटच नवा करण्याची युक्तीही चालते, पण ओळीत इनपुट असेल तर फोकस जातो आणि अर्धवट टाइप केलेला मजकूरही जाऊ शकतो. शिवाय बदल झाला हे कळायला जुनी किंमत जपलेली हवी. ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलला, तर व्ह्यूच्या डीप वॉचरला (ऑब्जेक्टच्या आतल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या फंक्शनला) ‘जुना’ आणि ‘नवा’ म्हणून एकच ऑब्जेक्ट मिळतो.

पान प्रथम उघडताना सगळीच यादी नाचत येणे बहुधा नको असते. व्ह्यूमध्ये ते हवेच असेल तर ‘अपिअर’ हा पर्याय मुद्दाम मागावा लागतो, हे बरेच आहे. हालचालीचा त्रास होणाऱ्यांसाठी ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ ही मीडिया क्वेरी (वापरणाऱ्याने कमी हालचाल मागितली आहे का, हे सांगणारी सीएसएसची अट) पाळावी.

मार्च २०२३ मध्ये क्रोम १११ पासून आलेला व्ह्यू ट्रान्झिशन्स एपीआय (हा ‘View’, व्ह्यू फ्रेमवर्क नव्हे) यातले बरेच काम ब्राउझरकडे सोपवतो. तो बदलाआधीचे चित्र टिपतो, बदलानंतरचे दृश्य घेतो आणि एकातून दुसऱ्यात नेतो. मात्र इथेही वेगळ्या हलवायच्या प्रत्येक ओळीला ‘व्ह्यू ट्रान्झिशन नेम’ लागते, आणि दिसणाऱ्या दोन ओळींना एकच नाव पडले तर ब्राउझर ते ट्रान्झिशन गाळून थेट नवी यादी दाखवतो.