‘एका तळ्यात होती’: कुरूप पिल्लाच्या रूपकाची पार्श्वभूमी

गदिमांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज लाभलेली दोन गाणी 1952 साली एकाच तबकडीवर आली. दोन्ही मुळात चित्रपटासाठी बांधलेली, पण त्यात न आलेली. एका बाजूला ‘गोरी गोरी पान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एका तळ्यात होती’. पहिल्या गाण्यात फुलासारख्या गोऱ्या वहिनीचा हट्ट आहे, तर दुसऱ्यात रूपावरून टोचून खाल्लेल्या पिल्लाचं दुःख. एवढी जवळची शेजारीण असूनही या दुसऱ्या गाण्याने गोरेपणाच्या कौतुकाला दिलेलं उत्तर क्वचितच कुणाच्या लक्षात येतं.

मूळ कथा हान्स क्रिश्चन अँडरसनची, 1843 साली कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झालेली. चांभार बाप आणि धुणी धुणारी आई यांचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एकटाच राजधानीत आला होता. त्याच्या कथेतलं पिल्लू बरंच भटकतं. म्हातारीच्या घरातलं मांजर आणि कोंबडी त्याला नावं ठेवतात, हिवाळ्यात ते बर्फात गोठतं. शेवटी इतर हंस त्याला आपल्यात घेतात, काठावरची मुलं त्याचं कौतुक करतात.

गदिमांनी यातलं जवळपास सगळं गाळलं. तळं, भावंडं, टोचणं आणि एकट्याचं रडणं एवढंच ठेवलं. सर्वांत महत्त्वाचा बदल शेवटात आहे. इथे पिल्लाला कुणी जवळ घेत नाही, कुणी वाहवा करत नाही. ते पाण्यात चोरून क्षणभर पाहतं आणि त्याचं त्यालाच कळतं. ‘चोरून’ म्हणजे आरशासमोर उभं राहायलाही ज्याला संकोच वाटतो, त्याची नजर. सगळी कडवी ज्या ‘कुरूप वेडे’ पिल्लावर येऊन थांबतात, तिथे शेवटी ‘तो राजहंस एक’ येतो. ध्रुवपदाची जागा तीच राहते, फक्त त्या जागेवरचं नाव बदलतं. माझ्या मते स्वतःला स्वीकारण्याचा सगळा आशय या एका बदलात आहे, आणि उपदेशाचा एक शब्दही खर्च झालेला नाही.

परदेशी हंसाचा राजहंस करताना गदिमांच्या हाताशी आपली अन्योक्तीची परंपरा होतीच. अन्योक्ती म्हणजे पक्ष्याला बोलायचं आणि माणसाला ऐकवायचं. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने ‘भामिनीविलासा’त मानससरोवरात वाढलेला राजहंस बेडकांनी भरलेल्या डबक्यात आणून सोडला आणि विचारलं, आता याने कसं राहावं? मात्र त्या हंसाला आपण कोण ते पक्कं ठाऊक आहे, त्याचं दुःख जागेचं आहे. गदिमांच्या पिल्लाला तेच ठाऊक नाही.

या रूपकाची एक मर्यादाही मान्य करायला हवी. पिल्लू शेवटी देखणंच निघतं. जे राजहंस निघत नाहीत त्यांनी काय करायचं, याचं उत्तर हे गाणं देत नाही. ते उत्तर मराठीत त्याच्या सहा शतकं आधी गायलं गेलं होतं. चोखामेळा म्हणतात, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥’ यातला ऊस शेवटपर्यंत वाकडाच राहतो, त्याला सरळ व्हायची गरजच नाही. कमान वाकडी पण तीर सरळ, नदी वाकडी पण पाणी नाही. जन्मावरून देवळाबाहेर ठेवलेला माणूस हे म्हणतो आहे, म्हणून त्याला वजन आहे. त्यांची समाधीही पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच आहे. ऊस, कमान आणि नदी अशा आडोशाने बोलून झाल्यावर चोखोबा तो आडोसाही सोडतात आणि पुढच्या ओळीत स्वतःचं नाव घालतात: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’.