लुइझियानाच्या रोधक बेटांचे ऐतिहासिक नकाशे

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यासमोर, मेक्सिकोच्या आखातात, वाळूच्या चिंचोळ्या बेटांची रांग आहे. आखाताच्या लाटा ती अंगावर झेलतात, म्हणून ती रोधक बेटे. त्यांची धूप किती व कोणत्या दिशेने झाली, हे मुख्यतः जुन्या नकाशांवरून कळते.

त्यांतले सर्वांत मोलाचे नकाशे तटीय सर्वेक्षण खात्याचे. 1807 मध्ये मंजुरी मिळालेल्या या खात्याचा हेतू होता जहाजांना सुरक्षित वाट दाखवण्याचा. सर्वेक्षक प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवर बसवलेली नकाशा काढायची सपाट फळी, घेऊन किनाऱ्याने फिरत आणि 1:10,000 किंवा 1:20,000 प्रमाणात नकाशा जागेवरच काढीत. किनारा म्हणून ते भरतीरेषा धरीत. वाळूवर वाहून आलेल्या काटक्या-शेवाळाची ओळ हीच तिची खूण. हे ध्यानात ठेवूनच हे नकाशे वाचावेत. 1:20,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ प्रत्यक्षात 10 मीटर जागा व्यापते. शिवाय कागद आकसतो, अक्षांश-रेखांशांची जुनी चौकटही आजच्याशी जुळत नाही. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या अंतराने केलेली तुलना फसवी ठरू शकते. शंभर वर्षांत किनारा शेकडो मीटर सरकला असेल, तर मात्र ही चूक किरकोळ.

ईल दर्न्येर, म्हणजे फ्रेंचमध्ये 'शेवटचे बेट', याचा 1853 चा नकाशा पाहताना आजही मन हलते. त्यात ते बव्हंशी अखंड, लांबलचक बेट आहे आणि मुख्य भूमीपासून काही ठिकाणी अरुंद पाण्यानेच वेगळे झालेले. 10 ऑगस्ट 1856 च्या चक्रीवादळाने तिथली विहारवस्ती धुऊन नेली. सुमारे 200 माणसे दगावली. पुढच्या नकाशांत बेटाचे तुकडे पडत जातात आणि मागची खाडी रुंदावते. बेट झिजत होतेच, पाठीमागची दलदलही बुडत होती; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात त्या नकाशांमुळेच.

या झिजेचे कारण मिसिसिपी नदीत आहे. तिने प्रवाह बदलला की जुन्या त्रिभुज प्रदेशाला गाळ मिळेनासा होतो, जमीन खचते आणि लाटा उरलेल्या वाळूची बेटे रचतात. नवी वाळू फारशी येत नाही. लुइझियानाच्याच शँडेलूर बेटांचे सुमारे 85 टक्के क्षेत्र 2005 च्या कॅट्रिना वादळात गेले.

अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाने 1853 ते 1989 पर्यंतच्या किनारारेषा एकत्र करून 1992 मध्ये नकाशासंग्रह काढला. समुद्रतळाची वाळू उपसून बेटे पुन्हा उभारताना ती कुठे टाकायची, हे ठरवण्यासाठी अशा जुन्या रेषांचा आधार घेतला जातो.