पॅरा क्रीडास्पर्धा आणि खेळाडूंचे वर्गीकरण

शारीरिक, दृष्टिविषयक किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंसाठी ठरावीक वर्ग पाडून घेतल्या जाणाऱ्या स्पर्धांना पॅरा क्रीडास्पर्धा म्हणतात. पॅरालिंपिक ही त्यांतील सर्वोच्च स्पर्धा होय. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा मात्र १९२४ पासून, म्हणजे पॅरालिंपिकच्याही आधीपासून, स्वतंत्रपणे भरतात. सांगली जिल्ह्याचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे : भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदक वाळवा तालुक्यातील पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी मिळवले, तर गोळाफेकीतील जगज्जेते सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातील करगणीचे आहेत.

या स्पर्धांचा उगम रुग्णालयात झाला. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पुढे १९६० मध्ये रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले आणि तीच पहिली पॅरालिंपिक मानली जाते. अंगच्छेद झालेल्या व दृष्टिबाधित खेळाडूंना १९७६ मध्ये टोरांटोत प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती १९८९ मध्ये स्थापन झाली.

पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि नंतर पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये मिळाला. पदक आणि सन्मान यांच्यातील हे अंतर या क्रीडाप्रकाराकडे आपण किती उशिरा पाहिले, याचे मोजमापच म्हणावे लागेल.

वर्गीकरण हा या स्पर्धांचा कणा आहे. दिव्यांगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्रावर टक्केवारी असते आणि ४० टक्क्यांची अट सवलतींसाठी पुरते. मैदानावर मात्र ती टक्केवारी कामाची नसते. दहा मान्य दुर्बलतांपैकी किमान एक आहे का आणि तिचा त्या विशिष्ट खेळावर कितपत परिणाम होतो, एवढेच तेथे पाहिले जाते. वर्गनिर्धारक स्नायूंची ताकद व सांध्यांची हालचाल तपासतात, खेळाच्या क्रिया करून घेतात आणि प्रत्यक्ष स्पर्धेतही निरीक्षण करतात. मैदानी खेळांत धावण्याच्या वर्गांना ‘टी’, फेकीच्या वर्गांना ‘एफ’ हे अक्षर लागते. ११ ते १३ हे आकडे दृष्टिबाधितांचे, ४६ हा हाताच्या दुर्बलतेचा, तर ५१ ते ५७ हे बसून फेक करणाऱ्यांचे. बसून फेकणाऱ्याच्या आसनाची उंची उशीसह ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही.

गोळा एकाच हाताने फेकायचा असताना दुसरा हात अधू असल्याने काय बिघडते, असा प्रश्न अनेकांना पडतो. फेकीच्या वेळी मोकळा हात आधी झेपावून धड वळवतो आणि मग अंगाशी आखडून त्या बाजूला रोखून धरतो. त्यामुळे वेग गोळ्याकडे जातो. शिवाय वर्तुळात तोल सांभाळायचा असतो. शालेय वयात सायकलवरून पडून खिलारी यांचा डावा हात कायमचा अधू झाला, म्हणून ते एफ४६ वर्गात येतात.

वर्ग ठरला तरी त्या वर्गाची शर्यत किंवा फेक कार्यक्रमात असेलच, असे नाही. २००४ मध्ये भालाफेकीत सुवर्ण जिंकणाऱ्या देवेंद्र झाझरिया यांना पुढील पॅरालिंपिक संधीसाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले, कारण मधल्या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये त्यांच्या वर्गाची भालाफेकच नव्हती. वर्गीकरणावरून पदकेही परत जातात. २००० मध्ये सिडनीत स्पेनच्या बौद्धिक दिव्यांग बास्केटबॉल संघातील बहुतेक खेळाडूंना बौद्धिक दिव्यांगत्व नसल्याचे उघड झाले आणि बौद्धिक दिव्यांगांच्या गटाला २०१२ पर्यंत पॅरालिंपिकचे दार बंद राहिले. शिक्षा अर्थात निर्दोष खेळाडूंनीही भोगली. टोकियोत थाळीफेकपटू विनोद कुमार यांचे कांस्यपदक वर्गासाठी अपात्र ठरल्याने गेले.

वर्गीकरण दुर्बलतेतील फरक शक्य तेवढा कमी करते. उंची, ताकद, सराव यांतील फरक तसेच ठेवते. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये खिलारी यांनी १६.३२ मीटर फेक करून आशियाई विक्रमासह रौप्यपदक मिळवले. १६.३८ मीटरसह सुवर्ण जिंकणारे कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट यांना जन्मतःच डावा हात कोपरापासून पुढे नाही, म्हणून वर्ग तोच. मात्र त्यांची उंची सात फुटांहून अधिक आहे, आणि एफ४६ वर्ग ठरवताना ती पाहिली जात नाही.