पो नदीचे पाणी आणि इटलीची भातखाचरे

एप्रिलअखेरीस व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा या शहरांभोवतीच्या खाचरांत पाणी सोडतात, आणि स्वच्छ सकाळी आल्प्सची बर्फाळ शिखरे त्या पाण्यात उलटी दिसतात. हा मुलूख ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भातासाठी ही जागा तशी गारच, तरीही युरोपीय संघातला जवळपास निम्मा तांदूळ इटलीत पिकतो आणि त्यातला बहुतेक इथला.

इटलीचा बराचसा भाग डोंगर-टेकड्यांचा. सलग, मोठे मैदान एकच, ६५२ किलोमीटर लांबीच्या पो नदीचे. देशाच्या सुमारे ५ कोटी ९० लाख लोकांपैकी चौथाईहून अधिक लोक या खोऱ्यात राहतात. तांदूळ इथे पंधराव्या शतकात रुजला. मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने १४७५ मध्ये फेर्राराच्या ड्यूकला १२ पोती तांदूळ देऊ केल्याची नोंद आहे. पुढे साचलेल्या पाण्यामुळे मलेरिया पसरू लागला, तेव्हा शहरापासून ठरावीक अंतराच्या आत भात लावायला बंदी आली.

आल्प्समधून येणारे पाणी थेट खाचरात घेतले तर रोप गारठते. म्हणून ते आधी उथळ चरांतून फिरवून कोमट करतात. मग खाचरात पाच ते दहा सेंटिमीटर पाणी उभे ठेवतात. ते दिवसा ऊब धरते आणि रात्री कोवळ्या कोंबांचे पांघरूण होते. जमिनीत मुरलेले पाणीही वाया जात नाही. वरची गोट्यांची जमीन संपून खाली चिकणमाती सुरू होते, तिथे ते झरे होऊन पुन्हा वर येते. या झऱ्यांना 'फोंतानिली' म्हणतात. त्यांच्यावर खालच्या अंगाची खाचरे भिजतात.

इटलीतली छोटी राज्ये एक होऊन एकच देश झाल्यावर या व्यवस्थेला मोठा कालवा मिळाला. किवास्सोजवळ पो नदीतून निघणारा, सुमारे ८५ किलोमीटरचा काव्हूर कालवा १८६३ ते १८६६ या काळात खणला गेला. वाटेत सेझिया नदी आडवी येते, तिथे कालवा नदीच्या तळाखालून नेला आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो इटलीचा पहिला पंतप्रधान स्वतः याच भागात शेती करीत असे. पण कालव्याचे काम सुरू होण्याआधीच, १८६१ मध्ये, तो वारला.

या खाचरांचा खरा भार बायकांनी वाहिला. मे अखेरपासून सुमारे चाळीस दिवस गावोगावच्या 'मोंदिने', म्हणजे निंदणी करणाऱ्या मजूर बाया, गुडघाभर पाण्यात वाकून तण उपटत. पायांना जळवा लागत, अंगावर डास तुटून पडत. मजुरीचा काही भाग तांदळात मिळे. १९०६ मध्ये व्हेर्चेल्लीत लढून त्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला, आणि ही गोष्ट कालव्याइतकीच सांगण्याजोगी आहे. तणनाशके आणि यंत्रे आली तशी १९५० नंतर ही कामे संपत गेली.

इथला आर्बोरिओ वाण याच भागातल्या आर्बोरिओ गावाच्या नावाचा. रिसोत्तो या दाटसर इटालियन भातासाठी चौघांना ३२० ग्रॅम पुरतो. तांदूळ धुवायचा नाही, कारण बाहेरचा स्टार्चच त्याला दाटपणा देतो. दाणे कोरडे परतून उकळता स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा मांस उकळून गाळलेले पाणी, पळीपळीने घालायचा. गार घातला तर शिजणे थांबते आणि दाणा बाहेरून गिळगिळीत, आतून कच्चा राहतो. साधारण सोळा ते अठरा मिनिटांनी आच बंद करून लोणी आणि चीज मिसळतात.

अलीकडे पाणी वाचवायला आणि मशागत सोपी व्हायला बरेच शेतकरी कोरड्यात पेरतात. त्याने एप्रिलचे पाणी वाचते, पण तेव्हा ते जमिनीत मुरतही नाही. झरे उशिरा भरतात आणि सगळ्यांना जूनमध्ये एकदमच पाणी लागते. २०२२ च्या दुष्काळात पो नदी आटली तेव्हा सर्वांत आधी खालच्या अंगाची खाचरे भेगाळली.