अंड्यातील सूक्ष्म खनिजे आणि कोंबडीखाद्यातील पूरके

कोंबडीच्या अंड्यात सेलेनियम, आयोडीन, जस्त, लोह, तांबे आणि मँगनीज ही खनिजे अत्यल्प प्रमाणात असतात. ती कोंबडीच्या खाण्यापिण्यातूनच येतात, पण खाद्यात घातलेले प्रत्येक खनिज सारखेच अंड्यात उतरत नाही. सेलेनियम आणि आयोडीन चटकन उतरतात, मँगनीज काही अंशी. लोह, जस्त आणि तांबे मात्र हटवादी. ‘लोहयुक्त अंडी’ असे छापलेला खोका हाती आला, की हा फरक आधी आठवावा.

मराठवाड्यात परसातली गावरान कोंबडी ज्वारी-बाजरीचे दाणे, डाळीची चुणी, शिळ्या भाकरीचे तुकडे आणि उकिरडा उकरून मिळणारे किडे यांवर जगते. पिंजऱ्यातल्या अंड्यावरच्या कोंबडीला मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, शिंपल्याचा चुरा, मीठ आणि मिनरल मिक्श्चर असे तयार खाद्य रोज साधारण ११० ग्रॅम मिळते. सोयाबीन तर लातूरच्या बाजारपेठेचे मुख्य पीक, त्यामुळे पेंडेला तोटा नाही. धान्यातल्या खनिजांचे मात्र तसे नाही. इथली काळी जमीन बरीचशी चुनखडीयुक्त, आणि अशा जमिनीत जस्त व लोह असले तरी पिकाच्या मुळांना कमी मिळते. याच भागातल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह व जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. तो माणसांच्या भाकरीसाठी. कोंबडीच्या वाट्याला त्यातले सांडलेलेच येते.

दाण्यात खनिज आहे म्हणजे ते कोंबडीच्या अंगी लागले, असेही नाही. मका, ज्वारी आणि सोयाबीन पेंडेत फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्ताला धरून ठेवतो आणि जस्त विष्ठेवाटे निघून जाते. शिंपला गरजेपेक्षा जास्त पडला तर ही पकड आणखी घट्ट होते. म्हणून तयार खाद्यात फायटेट तोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) घालतात, किंवा अमिनो आम्लाशी बांधलेली, म्हणजे चिलेटेड, खनिजे वापरतात. ती महाग पडतात. अंड्यातले जस्त त्यांनी थोडेफार वाढते. खरा फायदा कवचाला आणि कोंबडीच्या तब्येतीला होतो.

लोहाची गोष्ट वेगळी. अंड्यातले जवळजवळ सगळे लोह बलकात असते आणि तिथे फॉस्व्हिटिन या प्रथिनाला जखडलेले असते, त्यामुळे खाणाऱ्याच्या शरीरातही ते नीट शोषले जात नाही. शिवाय जास्तीचे लोह आतड्यातूनच आत घ्यायचे नाही, ही कोंबडीच्या शरीराची सवय. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. पंडुरोगावर उपाय म्हणून त्यावर विसंबणे ठीक नाही.

सेलेनियमचे वागणे सर्वांत स्पष्ट. खाद्यात ते सोडियम सेलेनाइट या अकार्बनी रूपात किंवा सेलेनियमयुक्त यीस्टच्या कार्बनी रूपात घालतात. यीस्टमधले सेलेनोमेथिओनिन हे मेथिओनिन या अमिनो आम्लासारखेच दिसते, आणि प्रथिन बांधताना कोंबडीचे शरीर फसून तेही वापरते. त्यामुळे सेलेनियम बलकाबरोबर पांढऱ्यातही जाते. सेलेनाइटचे सेलेनियम मुख्यतः बलकात, तेही कमी. साध्या अंड्यात सुमारे १५ मायक्रोग्रॅम असणारे सेलेनियम यीस्टमुळे ३० मायक्रोग्रॅमच्या वर नेता येते. प्रौढ माणसाची रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे, हे पाहता वाढ नगण्य नाही.

आयोडीनही बलकात सहज जाते. पोटॅशियम आयोडाइड, कॅल्शियम आयोडेट किंवा समुद्री शेवाळ खाद्यात घातले की अंड्यातले प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकते. घरचे आयोडीनयुक्त मीठ मूठभर टाकून हे साधत नाही. जास्त मिठाने कोंबड्या पाणी पीत राहतात, विष्ठा पातळ होते आणि खालचा भुसा ओला होतो.

खाद्य बदलले म्हणून दुसऱ्या दिवशीचे अंडे बदलत नाही. बलक शेवटचे सुमारे १० दिवस झपाट्याने भरतो, म्हणून त्यातला बदल आठवड्या-दीड आठवड्याने पुरता दिसतो. पांढरा भाग दोन-तीन तासांत चढतो आणि कवच सुमारे २० तासांत. त्या कवचाच्या कामात जस्त, मँगनीज आणि तांबे लागतात: कार्बोनेट तयार करणाऱ्या विकराला जस्त, कवचाच्या घडणीला मँगनीज, आतल्या पापुद्र्याला तांबे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि खाणे कमी करतात. धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून कवच पातळ होते. अशा वेळी किलोमागे तेवढेच मिक्श्चर घातले, तरी कोंबडीच्या पोटात खनिज कमीच जाते.

आठवडी बाजारात तांबूस कवच आणि गडद बलक पाहून गावरान अंड्याला जास्त भाव मिळतो. कवचाचा रंग जातीवर ठरतो, बलकाचा खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर. निव्वळ ज्वारीवरच्या कोंबडीचा बलक फिका निघतो, मक्यावरच्या किंवा हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा गडद. जस्त किंवा सेलेनियम किती, हे यातल्या कशावरूनही कळत नाही.

पूरके मिसळण्यात मोठी चूक होते ती प्रमाणाची. किलोमागे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम द्यायचे तर एक टन खाद्याला ०.३ ग्रॅम पुरते. सोडियम सेलेनाइट पाऊण ग्रॅमही लागत नाही. ताडपत्रीवर फावड्याने उलथून एवढीशी पूड टनभर भरड्यात सारखी पसरत नाही. कुठे अजिबात नाही, तर कुठे विषारी मात्रा, असे होते. उबवणीच्या अंड्यांत जास्त सेलेनियम गेले तर आतली पिल्ले विकृत होतात. म्हणून ती पूड आधी किलोभर भरड्यात, मग तो भरडा १० किलोत, आणि मगच मोठ्या ढिगात मिसळतात.